हिरव्या दोऱ्याच्या चाळीस पत्त्या

“भिजू दे आधी. घाई कसली? कोरड्या तोंडानं बोललेलं कुणाच्या कामाचं नसतं.”

बावीस वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज धाकटीच्या कानातून कधी गेलाच नाही. सून म्हणून या घरात येऊन तिला चार दिवस झाले होते. हातात चहाचा ट्रे होता आणि कारखान्याच्या दाराशी ती थबकली होती. तिला वाटलं, आजेसासरे आपल्यालाच बोलले. ती तशीच उभी राहिली, चहा निवला, तरी तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी म्हाताऱ्यानं मान वळवली तेव्हा तिला कळलं, की तो वाटीतल्या पाण्यात पडलेल्या एका पत्तीशी बोलत होता. सुनांशी त्या घरात इतक्या मायेनं कुणी बोलत नसे.

पत्तीशी मात्र सगळेच बोलत. फुंकवाद्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या या पत्त्या बनवण्याखेरीज चार पिढ्या या घरानं दुसरं काही केलं नव्हतं. तळ्याकाठचा बोरू कापून आणायचा, दोन वर्षं सावलीत सुकवायचा, चिरायचा, आतून कोरायचा. एकेरी पत्ती क्लॅरिनेटची. ती कुणालाही जमते, असं घरात म्हणत, म्हणजे ती थोरल्याला, धाकटीच्या मोठ्या दिराला, जमत असे. खरी अब्रू जोडपत्तीची, ओबो या सनईसारख्या विलायती वाद्याच्या पत्तीची. बोरूची पट्टी मधोमध दुमडायची, पितळी नळीवर दोऱ्यानं आवळून बांधायची, दुमड कापून तिचे दोन ओठ मोकळे करायचे आणि मग सुरीनं तासत न्यायचं, टोक कांद्याच्या पापुद्र्यासारखं होऊन त्यातून उजेड दिसेपर्यंत. दोन ओठांमध्ये फट हवी, पण केवढी? मिटले तर सूर गुदमरतो, फार उघडले तर वाजवणाऱ्याचा दम जातो. घरातल्या जोडप्यांना ही गोष्ट पत्तीपुरती उत्तम कळत होती.

धाकटी उत्तरेच्या खिडकीशी बसून तासायची. तिथला उजेड सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकसारखा, थंड. हात चालू असला की ओठांवर आपोआप दोन ओळी यायच्या. कुणी शिकवल्या नव्हत्या, सुरीच्या लयीनं जुळल्या होत्या:

पाण्यात उभा होता, तोवर बोरू मुका
चिरला नि तासला, मग झाला बोलका

ज्यानं तासलं त्याच्या रंगाचा दोरा पत्तीला. धाकटीचा हिरवा, थोरल्याचा निळा. आणि सगळ्यात शेवटी नाना, धाकटीचे सासरे. वाद्याला न लावता नुसती पत्ती फुंकली की ती कावळ्यासारखी ओरडते. या घरात त्याला ‘पाखरू बोलणं’ म्हणत. पाखराला दोन आवाज लागतात, एक खालचा, एक वरचा, दोन्ही एकदम. नानांनी पाखरू ऐकायचं, मान हलवायची आणि पास झालेल्या पत्तीला लाल दोऱ्याची गाठ मारायची. लाल गाठ बसली की विषय संपला. देशोदेशीचे वादक त्या गाठीवर डोळे मिटून विश्वास ठेवत, आणि घरातले लोक तर कानसुद्धा मिटून.

म्हणूनच बुधवारी दुपारी लाल गाठ मारलेल्या चाळीस पत्त्या परत आल्या, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली.

त्या घेऊन शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाचा पहिला ओबोवादक स्वतः आला होता. उंच, बारीक मानेचा माणूस. त्यानं डबी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं, आणि रांगेतले चाळीस हिरवे दोरे सगळ्यांनी पाहिले. थोरल्यानं ते जरा जास्तच वेळ पाहिले.

तासाभरात बैठक बसली.

आजेसासऱ्यांनी घालून दिलेला नियम असा होता: घरात वाद उभा राहिला की सगळ्यांनी लांब टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक कोरी पत्ती जिभेवर धरायची आणि ती पुरती भिजेपर्यंत ब्र काढायचा नाही. बोरू भिजतो तोवर माणूसही थोडा मऊ पडतो, अशी म्हाताऱ्याची समजूत. समजूत चांगली होती, माणसं तेवढी चांगली निघाली नाहीत. नियम कुणी मोडला नाही, वाकवला मात्र सगळ्यांनी.

टेबलाच्या एका टोकाला नाना, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढऱ्या भुवयांचे, ताठ. त्यांच्या शेजारी त्यांची बहीण, आत्या. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली होती. सासरी ती सुखात होती, माहेरी भांडण असलं की अधिक सुखात. तिची युक्ती चहाची. घोट घ्यायला पत्ती काढावी लागते, आणि काढलीच आहे तर दोन वाक्यं बोलून घ्यायला काय हरकत? एका कपात ती बारा वाक्यं बसवायची. तिच्यासमोर थोरला आणि त्याची बायको. धाकटी तिला वहिनी म्हणायची. वहिनींच्या गेल्या पाच बैठकांतल्या पत्त्या खणात जपून ठेवलेल्या होत्या. कुठल्या मुद्द्याला त्यांना किती राग आला हे त्यांवरच्या दातांच्या खुणांवरून सांगता येई. धाकटीचा नवरा, म्हणजे धाकटा, खिडकीकडे पाठ करून बसला होता. पत्त्यांना दोरा आवळायचं काम त्याचं, आणि आयुष्यात त्यानं स्वतःहून आवळलेली तेवढी एकच गोष्ट.

पाहुण्यांनाही एक पत्ती दिली. त्यांनी ती सवयीनं तोंडात धरली. असा यजमान त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

जेमतेम मिनिट झालं असेल, थोरल्यानं तोंडातली पत्ती काढून बशीत ठेवली. “माझी झाली.”

“इतक्यात?” आत्यानं कप उचलला.

“आत्या, प्लास्टिकची आहे. तिला भिजावं लागत नाही.”

ही थोरल्याची प्रगती. गेल्या वर्षी त्यानं प्लास्टिकच्या पत्त्यांचा नमुना मागवला होता. त्या वाजवायला कुणी घेतल्या नाहीत, पण बैठकीत पहिलं बोलायला त्यांच्यासारखी वस्तू नाही.

“तर,” तो म्हणाला, “एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याला कुणावर बोट ठेवायचं नाहीये. आपण एक कुटुंब आहोत. चूक कुणाची, यात मला रस नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की दोरा हिरवा आहे.”

वहिनींच्या तोंडात बारीकसा करकर आवाज झाला.

बैठकीआधीच स्वयंपाकघरात वहिनींनी धाकटीचा हात दाबून सांगितलं होतं, “अगं, मी आहे ना तुझ्या बाजूनं. यांना काय कळतंय पत्तीतलं? तू मुळीच ऐकून घेऊ नकोस.” धाकटीला भरून आलं होतं. आता तिनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी साखरेच्या भांड्याकडे पाहत होत्या.

थोरला पाहुण्यांकडे वळला. “साहेब, तुम्हीच सांगा काय झालं ते. मोकळेपणानं.”

पाहुण्यांनी पत्ती काढली. “मोकळेपणानं सांगायचं तर फजिती झाली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला माझा सूर असतो. मी एक सूर धरायचा आणि साठ माणसांनी त्यावर आपापली वाद्यं लावायची. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मी फुंकलं, आणि बदक ओरडलं.”

“अगं बाई!” आत्याचा कप हवेतच राहिला. “मग त्या साठांनी काय केलं?”

“पहिल्या रांगेतल्या दोघांनी बदकावर लावलं.”

धाकट्याला हसू फुटलं. दादानं पाहिल्यावर त्यानं ते गिळलं, सोबत पत्तीही जवळजवळ गिळली, आणि नंतर बराच वेळ खोकत राहिला.

“खालचे सूर येतात,” पाहुणे सांगत होते. “वर जायला लागलं की पत्ती साथ सोडते. एक नाही, सगळ्याच. मी सतरा वर्षं या घराच्या पत्त्या वाजवतोय. रागावून नाही आलो, काळजीनं आलोय.”

धाकटीच्या जिभेवरची पत्ती केव्हाच भिजली होती. तिला पाहुण्यांचं बोलणं अक्षरन् अक्षर पटत होतं, कारण त्या पत्त्या तिनं झाकण उघडताक्षणी ओळखल्या होत्या. टोकं जाड. उजेडाला धरायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं पत्ती काढून हातात घेतली.

“त्या पुऱ्या झालेल्याच नव्हत्या,” ती म्हणाली. “माझ्या बाबांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला त्या दिवशी मी ट्रे तसाच मांडणीवर ठेवून निघाले. टोकं राहिली होती. प्रत्येकीचं अजून अर्ध्या तासाचं काम होतं. तीन आठवड्यांनी परत आले तर ट्रे रिकामा. मला वाटलं, कुणीतरी पुऱ्या केल्या असतील.”

“मीच पाठवल्या,” थोरला म्हणाला. “तारीख दिलेली होती. दिसायला तर तयारच दिसत होत्या.”

“दिसायला!” आत्या म्हणाली. “दिसायला तूही कारागीर दिसतोस रे थोरल्या.”

धाकटीला क्षणभर आशा वाटली. आत्याचं असं होतं, ती वाऱ्यासारखी. कुणाच्या शिडात भरेल सांगता येत नसे, आणि फार वेळ एका शिडात राहतही नसे.

“आत्या, एक मिनिट,” थोरला शांतपणे म्हणाला. शांत झाला की तो जास्त धोक्याचा. “मी काही न दाखवता पाठवल्या नाहीत. एकेक पत्ती मी स्वतः नानांसमोर फुंकली. नानांनी ऐकली. नानांनी लाल गाठ मारली. आता ही म्हणते की पत्त्या अर्धवट होत्या.” तो धाकटीकडे वळला. “म्हणजे तुझं म्हणणं काय? नानांना कळलं नाही?”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“बोल ना,” थोरला म्हणाला. “नाना चुकले, असं तुझं म्हणणं आहे का?”

एवढीच तर मेख होती. पत्त्या अर्धवट होत्या म्हटलं की नाना चुकले. नाना चुकले नाहीत म्हटलं की तिचा हात बिघडला. मधे पाय ठेवायला सुईच्या अग्राएवढी जागा नव्हती, आणि हे थोरल्याला पक्कं माहीत होतं. पत्ती तासायची अक्कल त्याला नव्हती, पण माणूस कुठल्या बाजूनं चिरला जातो हे त्याला बरोबर कळे.

“नाना चुकले असं मी म्हणणार नाही,” धाकटी म्हणाली.

“झालं तर!” आत्या लगेच त्या शिडातून या शिडात आली. “अगं, हा कान आहे! आमच्या वडलांनी लहानपणी याच्या कानाशी पाखरू बोलवलं आणि म्हणाले, हा घराचा कान. चूक झाली असेल तर हातात झाली असेल. हात काय, आज आहे उद्या नाही. वडील आजारी, जागरणं झाली, हात थरथरला असेल पोरीचा. त्यात लाजायचं काय?”

नाना नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे शांत, समंजस नजरेनं पाहत होते. बाहेरची माणसं या नजरेला तपश्चर्या म्हणत.

त्या नजरेचं खरं नाव धाकटीला तीन वर्षांपासून माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक दुपार होती. कारखान्यातल्या शेगडीवर किटली चढवलेली. नाना तिच्यापासून हातभर अंतरावर बसून दोरा गुंडाळत होते. धाकटी बोरू आणायला मागच्या खोलीत गेली आणि किटली शिट्टी घालायला लागली. घालायला म्हणजे किती? कानठळ्या बसतील अशी. धाकटी धावत आली. पाणी आटत आलेलं, किटलीचं बूड लाल होत चाललेलं, आणि नाना तिच्याकडे बघून समाधानानं म्हणाले, “आज घर कसं शांत आहे, नाही?”

तिनं शेगडी बंद केली. “हो नाना,” म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या हाताला एक वळण लागलं. नानांना कवळी बसल्यापासून पत्ती फुंकायचं काम तिच्याकडेच होतं. ती फुंकायची. पाखरू दोन्ही आवाजांत बोललं की पत्ती टेबलावर उजवीकडे ठेवायची, नाही बोललं की डावीकडे. नाना डोळे मिटून ऐकल्यासारखे करायचे, मग किलकिले करून तिच्या हाताकडे बघायचे, आणि मग निकाल द्यायचे. “पास.” “नाही, हिचा वरचा दबलाय.” दोघं यावर एकमेकांशी कधी एका शब्दानंही बोलली नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि या मुठीत तर अख्ख्या घराचं नाव होतं. त्या तीन आठवड्यांत मात्र फुंकायला थोरला होता, आणि त्याच्या हाताला डावं-उजवं नव्हतं.

“मग आता करायचं काय?” थोरल्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. “मी विचार केलाय. कुणाला काढायचं वगैरे नाही. आपण कुटुंब आहोत.”

हे त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं, म्हणजे काहीतरी मोठं येणार होतं.

“टोकं तासायचं यंत्र मी मागवलंय. सोमवारी येतंय. एका मापाची टोकं, हात थरथरायचा प्रश्नच नाही. ते खिडकीशी बसवावं लागेल.”

“खिडकीशी का?” धाकटीनं विचारलं.

“तिथं प्लग आहे.”

“आणि मी?”

“तू डब्या भरायला बस. जिन्याखाली छान जागा आहे. दिवा लावून देतो. आणि यंत्रावर,” त्यानं शेजारी पाहिलं, “ही बसेल.”

वहिनींनी तोंडातली पत्ती काढली. ती मधोमध चिरली होती. “मी कुठं म्हटलं मला पाहिजे म्हणून?” त्या साखरेच्या भांड्याला म्हणाल्या. “पण कुणीतरी बसायलाच हवं ना. घरासाठी. धाकटे, तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. मी तुझ्याच बाजूनं आहे. जिन्याखाली उन्हाळ्यात फार गार असतं.”

“सोमवारी येतंय म्हणजे मागवलं कधी?” हा प्रश्न पाहुण्यांनी विचारला. बाहेरच्या माणसाला असे प्रश्न सुचतात.

“झाले दोन महिने,” थोरला म्हणाला, आणि मग त्याला वाटलं की हे न सांगता आलं असतं.

पत्त्या परत आल्याला दोन तासही झाले नव्हते. यंत्र मात्र दोन महिन्यांपासून निघालेलं होतं. पण हे टेबलाभोवती कुणी मोजलं नाही. घरच्या मोठ्या मुलाच्या दूरदृष्टीची या घराला सवय होती.

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही काही बोलणार आहात का?”

धाकट्यानं पत्ती काढली, निरखली, पुसली. “दादा म्हणतोय त्यात तथ्य आहे,” तो म्हणाला. मग बायकोकडे पाहून, “तुझ्याही म्हणण्यात आहे.” मग पाहुण्यांकडे पाहून, “तुमच्या तर आहेच.” आणि पत्ती परत तोंडात ठेवली.

धाकटीनं खिडकीकडे पाहिलं. चौकटीच्या लाकडाला बावीस वर्षं तिची कोपरं टेकून एक खळगा पडला होता. त्या उजेडात तिला बोरूच्या आतली एकेक रेघ दिसायची, कुठे थांबायचं ते कळायचं. जिन्याखालच्या दिव्यात काय दिसणार होतं? डब्या. हाताला दुसरं काही येत नव्हतं असं नाही. पण ती बोलकी व्हायची ती त्या खिडकीशीच, एरवी या घरात तिला कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं.

एक वाक्य. ‘नानांना ऐकू येत नाही.’ चारच शब्द. खिडकी तिची.

तिनं जीभ टाळ्याला लावली आणि तिथंच ठेवली.

“मला एक सुचवू का?” पाहुणे म्हणाले. त्यांना घाई होती आणि तरी त्यांना न्याय हवा होता, अशी माणसं फार घोळ घालतात. “यातलीच एक पत्ती नानांनी आत्ता ऐकावी. प्रवासात काही बिघडलं असेल तर त्यांना लगेच कळेल. तेव्हा चांगली आणि आता वाईट, असं निघालं तर मग कुणाचीच चूक नाही.”

“वा! याला म्हणतात माणूस!” आत्या म्हणाली. “थोरल्या, फुंक.”

थोरल्यानं डबीतली एक पत्ती उचलली, वाटीत बुडवली, झटकली, ओठांत धरली. नानांनी डोळे मिटले.

पत्ती ओरडली. धाकटीला तो आवाज दातांतून जाणवला. खालचा आवाज जाड, घोगरा, एकटाच. वर काही नाही. जिना अर्ध्यावर तोडावा तसा. कुणालाही कळलं असतं. टेबलाभोवतीच्या कुणालाही ऐकायचं असतं तर. पण सगळे पत्ती ऐकत नव्हते, नानांचा चेहरा बघत होते.

नानांचे डोळे किलकिले झाले. नजर टेबलावरून सरकत आली आणि धाकटीच्या हाताशी थांबली.

तिच्या मुठीत हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं. डावीकडे ठेवलं असतं तर नाना म्हणाले असते, “नाही, हिचा वरचा दबलाय,” पत्ती अर्धवट ठरली असती, आणि मग चाळीस लाल गाठी कुणी मारल्या हा प्रश्न या टेबलावर, पाहुण्यांसमोर, त्या पांढऱ्या भुवयांसमोर उभा राहिला असता. आत्यानं तो शहरभर नेला असता. उद्यापासून लाल गाठीला दोऱ्याची किंमत. आणि नाना? सकाळी उठून, कवळी लावून, कुठं जाऊन बसले असते?

हिरव्या दोऱ्याच्या माणसाला जिन्याखाली तरी जागा होती.

तिनं रीळ उजवीकडे ठेवलं.

“पास,” नाना म्हणाले. “उत्तम आहे. दोन्ही आवाज.”

“बघा!” थोरला म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पत्ती उत्तम असेल तर धाकटीचा हातही उत्तम, आणि मग यंत्र कशाला? त्याच्या बाजूचा निकाल त्याच्याच अंगावर आला होता.

पाहुण्यांनी मात्र पेटीतून ओबो काढला, तीच पत्ती बसवली आणि वाजवायला सुरुवात केली. खालचे तीन-चार सूर बरे आले. ते वर चढू लागले. बोटं चढली, भुवया चढल्या, मान लाल झाली, गळ्याच्या शिरा तटतटल्या, आणि ओबोतून बदक निघालं. म्हातारं, सर्दी झालेलं बदक.

मग सगळे एकदम बोलले.

“साहेब, तुमच्या वाद्याला तडा गेलाय बहुतेक,” वहिनी म्हणाल्या.

“लाकूड आहे ना, हवा बदलली की होतं,” थोरला म्हणाला. यंत्राचा विचार त्यानं पाच मिनिटांपुरता बाजूला ठेवला होता, बापाचा कान आधी.

“तुम्ही जेवून आलात का?” आत्यानं विचारलं. “रिकाम्या पोटी दम पुरत नाही. नानांनी दोन्ही आवाज ऐकलेत, म्हणजे आहेत ते दोन्ही. तुम्हाला काढता येत नसतील.”

“अहो, मी सतरा वर्षं…”

“सतरा वर्षं चुकीचंही वाजवता येतं हो माणसाला!”

“बाई, आत्ता तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना?”

“आम्ही काय ऐकायचं? नानांनी ऐकलंय!”

धाकट्यानं पत्ती काढली. “पाहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य…” तो सुरू झाला, आणि दादानं बघितल्यावर संपला.

पाहुणे हताशपणे पत्ती उजेडाला धरून पाहू लागले. धाकटी कुणाकडे बघत नव्हती. ती रिळाचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

नाना मात्र तिच्याकडेच बघत होते. त्यांना बदक ऐकू आलं नव्हतं. पण पाहुण्यांची लाल झालेली मान त्यांना दिसली होती, एकाच वेळी हलणारी चार तोंडं दिसली होती, आणि सुनेचा खाली गेलेला चेहरा दिसला होता. साठ वर्षं पत्त्या पारखलेला माणूस तो. कुठं फट पडली ते त्याला पाहूनही कळत होतं. तिनं चांगली म्हणून सांगितली ती पत्ती चांगली नव्हती. आणि ती कधी चुकत नसे.

त्यांनी तोंडातली पत्ती काढली. टेबलावर टकटक केलं. कुणाचं लक्ष गेलं नाही. आत्या पाहुण्यांना दमाचे व्यायाम सांगत होती. नानांनी चहाचा कप उचलला आणि बशीवर आपटला. बशी फुटली.

सगळे गप्प झाले.

“यांचं वाद्य चांगलं आहे,” नाना म्हणाले. “पत्ती वाईट आहे.”

“नाना, आत्ताच तुम्ही म्हणालात…” थोरला म्हणाला.

“जरा मोठ्यानं बोल. किंवा राहू दे, बोलूच नकोस.” त्यांनी फुटलेल्या बशीचे तुकडे एका जागी ओढले. “मला वरचा आवाज ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली, जास्तच असतील. खालचा येतो, वरचं सगळं बंद आहे.”

“काहीतरीच काय!” आत्या म्हणाली. “परवा तर माझ्याशी तासभर बोलत बसला होतास.”

“तू बोलत होतीस. मी मान हलवत होतो. तुझा आवाज सगळा वरचाच आहे.”

पाहुण्यांनी ओबो मांडीवर ठेवला. वहिनींनी पदरात काही पडल्यासारखं खाली पाहिलं.

“थोरल्या, तू सत्तेचाळीस पत्त्या फुंकल्यास. मी एकही ऐकली नाही. सात नापास केल्या. का केल्या, माहितेय? सगळ्या पास केल्या असत्या तर कुणाला संशय आला असता. त्या सात कशा होत्या, देव जाणे.” त्यांनी धाकटीकडे बोट केलं. “ही असली की मला चांगली आणि वाईट कळते. मी हिचा हात बघतो. आजही बघितला. आज ती पहिल्यांदा खोटं बोलली, माझ्यासाठी.”

“नाना, राहू द्या ना,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज फुटला, एकटा खालचाच निघाला. “कशाला आता?”

“ऐकू आलं हे मला,” नाना म्हणाले.

थोरल्याच्या हातातला कागद पुन्हा घडीत जात होता, आपोआप. “पण नाना,” तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच बैठकीचा सूर नव्हता, पोराचा होता. “तीन वर्षं! सांगायचं ना आम्हाला. घरात कुणाला तरी सांगायचं.”

नाना बराच वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिले, शब्द गोळा करत. मग खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांकडे त्यांची नजर गेली. एक तिची, एक त्यांची, शेजारी शेजारी.

“सांगितलं असतं तर तुम्ही मला तिथून उठवलं असतंत,” ते म्हणाले. “हिला उठवायला निघालात तसंच. छान जागा आहे, दिवा लावून देतो, असं म्हणून. मला भीती वाटत होती रे. बाकी काही नाही. भीती.”